नाकाखालून गेलेला माल

वायसर एवढासा होता. लहान मुलाच्या बोटात अंगठीसारखा ढिला बसेल एवढा, पांढरा, कडेला किंचित पिवळट, आणि बाटलीच्या झाकणाच्या आतल्या खाचेत असा घट्ट रुतलेला की उचकटून काढताना तिच्या अंगठ्याचं नख उलटलं... तरी तिने तोंडातून हूं की चूं काढलं नाही, कारण टेबलापलीकडे वह्यावाला उभा होता, त्याच्यामागे धाकटा दीर, आणि दोघंही तिच्या नाकाकडे बघत होते. हाताकडे नाही, डोळ्यांकडे नाही, नाकाकडे. गेली बावीस वर्षं या गोदामात लोक तिच्या नाकाकडे असेच बघत आले होते. परीक्षेला बसलेल्या पोराने मास्तरांच्या लाल पेनाकडे बघावं तसे. तिने वायसर दोन बोटांत दाबला, ताणला, सोडला, नाकाशी नेला, डोळे मिटले – डोळे ती नेहमीच मिटायची – आणि मनातल्या मनात तीनपर्यंत आकडे म्हणून उघडले.

"येतोय," ती म्हणाली. "रॉकेलसारखा."

रॉकेल हा शब्द वह्यावाल्याचाच. मघाशी पिशवीतून सात बाटल्या काढून टेबलावर मांडताना तो म्हणाला होता, वहिनी, पाणी रॉकेलसारखं लागतं म्हणतात. त्याचं दुकान शाळेच्या फाटकासमोर, अगदी अंगावर यावं इतकं जवळ. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते आणि चार दिवसांत सात आया बाटल्या परत घेऊन आल्या होत्या. माणूस इतका सोशिक की तक्रार करायला आला तरी आधी स्वतःच माफी मागून घेणार – तुमच्या मालाबद्दल आजवर कधी अवाक्षर काढलं का, दोनदा गरम पाण्याने धुऊन बघितल्या, उन्हात पालथ्या घातल्या, माझ्या दुकानातच काही झालं असेल तर तसं सांगा. त्याची ती नरमाई तिला सोसेना. भांडला असता, आवाज चढवला असता, तर तिलाही आवाज चढवता आला असता आणि मोकळं वाटलं असतं. सोशिक माणसांवर रागावता येत नाही. राग मग दुसरीकडे जागा शोधतो. आणि जागा तर अगदी समोरच होती, निळ्या शर्टात, हात खिशात घालून.

"दाखवलं एक आणि भरलं दुसरं," ती वह्यावाल्यादेखतच म्हणाली. "नवा कारखाना तुम्ही शोधलात, भाऊजी. बंदरावर तुम्ही उभे होतात. डोळे मिटून उतरवून घेतलंत सगळं."

दिराने खिशातून हात काढले. एवढंच केलं त्याने. मग म्हणाला, "वहिनी, आपण आत बोलू."

आत बोलू! म्हणजे काय, मी बाहेर काही भलतंसलतं बोलतेय? हा त्याचा समजूतदार आवाज – लग्न होऊन आले तेव्हा हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, पुस्तकाला कव्हर घालायलाही माझ्याकडे यायचा, आणि आता मला आत घेऊन समजावणार. आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसा आवाज. गेली दोनेक वर्षं तो तिच्याशी असाच बोलत होता आणि दर वेळी तिच्या डोक्यात तिडीक जात होती; का जाते हे मात्र तिने कधी खणून बघितलं नव्हतं. ती उठली. बासष्ट दुकानांत माल गेलाय, सगळ्यांना फोन करा, एकही बाटली आज विकायची नाही म्हणावं, टेम्पो काढा, परत आणायला मी स्वतः जाते – हे सगळं तिने एका दमात सांगितलं, आणि वह्यावाल्याच्या सात बाटल्या एका रिकाम्या खोक्यात इतक्या जोरात टाकल्या की त्यातल्या एकीचं झाकण उडून पार वजनकाट्याखाली गेलं.

आणि वास... वास आला नव्हता. रॉकेलचा नाही, रबराचा नाही, स्वतःच्या बोटांना लागलेल्या साबणाचाही नाही. दोन वर्षं झाली, कशाचाच आला नव्हता.

हे कोणालाच माहीत नव्हतं. एक आठवडाभर ताप आला होता, घरात सगळ्यांनाच आला होता, सगळे बरे झाले, तीही झाली – फक्त उठल्यावर पहिल्यांदा केस धुतले तेव्हा तिच्या लक्षात आलं की शिकेकाई आणि नुसतं पाणी यांत काही फरकच उरलेला नाही. ती एकटीच डॉक्टरकडे गेली. सहा महिन्यांत येईल परत, डॉक्टर म्हणाला, कदाचित वर्ष लागेल, काहींचा येतही नाही. असं म्हणून त्याने चष्मा पुसला. एवढंच. हात तुटला असता तर प्लास्टर घातलं असतं, लोक भेटायला आले असते. हे असलं सांगणार कोणाला, आणि सांगायचं तर काय म्हणून? इतरांचं नाक म्हणजे चेहऱ्याच्या मधोमध बसवलेली एक वस्तू. तिचं नाक म्हणजे तिची नोकरी होती. नोकरीहूनही जास्त.

लग्नानंतर पाचव्या महिन्यात ती सासऱ्यांसाठी चहा घेऊन गोदामात आली होती – तेव्हा घरातल्या बायका गोदामात यायच्या त्या फक्त चहा घेऊन – आणि मजूर नव्या बादल्यांच्या चवडी उतरवत होते. पदर नाकाला लावून ती सहज म्हणाली, कसला हा जळका वास. कोणालाच वास येत नव्हता. सासरे मात्र उठले, त्यांनी एक बादली फोडायला लावली, तर आत काळं, भेसळीचं प्लास्टिक. वरून नुसता निळा मुलामा. माल तसाच परत गेला. त्याच मालाच्या बादल्या घेणाऱ्या दुसऱ्या घाऊक व्यापाऱ्याची पुढे बाजारात जी शोभा झाली ती सासरे चवीने सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराजवळ एक टेबल टाकलं, खुर्ची ठेवली आणि जाहीर केलं की यापुढे सूनबाईच्या नाकाखालून गेल्याशिवाय काही आत यायचं नाही. समुद्रापलीकडून येणारा माल – डबे, बाटल्या, मग, बादल्या – आधी त्याचा नमुना यायचा, ती बघायची, वास घ्यायची, नमुना परत कागदात बांधून पुडीवर सही करायची, पुडी कपाटात. मग ऑर्डर, मग कंटेनर, मग बासष्ट दुकानं. सासरे हसत म्हणायचे, बनवणारे ते, विकणारे हे, आपण मधे बसून काय करतो? तर 'चांगलं आहे' एवढंच म्हणतो. त्या एवढ्याशा म्हणण्यावर घर चालतं. आणि ते म्हणायचं काम त्यांनी आपल्या दोन मुलांकडे दिलं नाही, तिच्याकडे दिलं. ओट्यापासून त्या टेबलापर्यंत ती नाकासमोर चालत आली होती, अक्षरशः. आता नाक गेलं म्हणून परत ओट्याकडे? मी नाही जाणार.

म्हणून तिने बोटं शिकवली होती. नमुना आला की ती दाबून बघायची, नखाने ओरखडायची, दोन दिवस पाण्यात घालून ठेवायची, कानाशी नेऊन वाकवायची – चांगलं प्लास्टिक वाकताना गप्प राहतं, खोटं करकरतं. वर्षभरात तिला वाटायला लागलं होतं की नाकाचं एवढं काही नसतंच, खरं ज्ञान बोटांत असतं. नाकाशी नेणं, डोळे मिटणं हे फक्त बघणाऱ्यांसाठी. दोन वर्षांत एक खोकं परत आलं नव्हतं. एक!

फोन वाजला. नवरा. त्याला धाकट्या भावाने कळवलं असणारच. तो परगावी एका मोठ्या दुकानदाराकडे बसला होता आणि आवाजात मागच्या माणसांचं हसणं मिसळत होतं. त्याचं म्हणणं असं की इतकं बिथरायचं कारण नाही, नवीन रबराला वास असतोच, नवीन बुटांना नसतो का, आठ दिवसांत जातो. सगळा माल परत बोलावला तर बाजारात उलट बोभाटा होईल, दुकानदारांना सांगावं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मुलं पितात त्यातून, माहीत आहे ना? तो म्हणाला, अगं, तू पास केलेला माल आहे, त्यात विष थोडंच असणार आहे... आणि हे त्याने इतक्या सहज, इतक्या विश्वासाने म्हटलं की तिला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. ती म्हणाली, मी जातेय, आणि फोन ठेवला.

टेम्पोचा ड्रायव्हर म्हणजे 'मेजर'. लष्कराचा आणि त्याचा संबंध फक्त मिशांपुरता, पण हे नाव सासऱ्यांनी ठेवलेलं आणि त्यालाही मानवलेलं. तिच्याहून दोन-चार वर्षांनी मोठा, बोलणं मोजकं. पहिल्या तीन दुकानांतून खोकी उचलेपर्यंत ऊन चढलं. कोणी कुरकुरलं, कोणी नाही. एकाने विचारलं की बदली माल कधी, आणि ती खोकीच मोजत राहिली, कारण शाळा सुरू झालेल्या आणि नवा कंटेनर यायला दीड महिना. ती प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य म्हणत होती, कारखान्याने फसवलं. म्हणता म्हणता ते वाक्य गुळगुळीत होत गेलं आणि चौथ्या दुकानापर्यंत तिला ते खरंच वाटायला लागलं. फसवलंच. दाखवलं एक, भरलं दुसरं. आणि भाऊजी बंदरावर उभे राहून बघत होते.

चौथं दुकान भांडीवालीचं. नवरा गेल्यावर दुकान तिनेच उभं केलेलं. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, सतत माळ्यावरून पातेली काढून काढून. तिने चहा मागवला नाही, बसा म्हणाली नाही, खोकी स्वतःच पुढे ओढली.

"मला पहिल्या दिवशीच आला होता वास," भांडीवाली म्हणाली. "खोकं उघडलं तेव्हाच. पण म्हटलं, वहिनींच्या नाकाखालून आलेला माल आहे, मलाच काहीतरी झालं असेल."

"मग फोन का नाही केलात?"

"तुम्हाला फोन करून सांगू, की तुमच्या मालाला वास येतो म्हणून? मी?" ती हसली, त्या हसण्यात टोमणा नव्हता आणि हेच वाईट होतं. मग तिने खाली बघत, झाकणं मोजल्यासारखं करत, बाकीचं सांगितलं. मागच्या गल्लीतल्या एका बाईने मुलीसाठी गुलाबी बाटली नेली होती. मुलगी सात वर्षांची. रोज बाटली भरलेली परत आणायची. वास येतो म्हणायची, आणि आई म्हणायची नखरे करतेस, एवढी महागाची आणली तर. तिसऱ्या दिवशी कवायतीच्या तासाला मुलगी मैदानावर चक्कर येऊन पडली. दिवसभर पाण्याचा थेंब नाही पोटात. आता बरी आहे. आई काल दुकानात आली होती. "ओरडली असती तर बरं झालं असतं," भांडीवाली म्हणाली. "उभी राहून रडली नुसती. म्हणाली, मी तिला मारलं हो त्या बाटलीवरून."

तिने हातातलं खोकं खाली ठेवलं. काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडात तेच गुळगुळीत वाक्य आलं, कारखान्याने फसवलं, आणि भांडीवालीने मान हलवली, हो ना, म्हणाली, मेल्यांचं काय जातं, तिकडे बसून. भांडीवालीचा राग किती सरळ होता. सरळ निघाला, समुद्र ओलांडून गेला, मोकळा झाला. तिला त्या रागाचा हेवा वाटला.

त्यानंतरच्या मोठ्या दुकानाचा मॅनेजर मात्र माल परत द्यायला तयार नव्हता. थंडगार काचेच्या खोलीत त्याने एक बाटली उघडली, हुंगली आणि खांदे उडवले. मला तर काही येत नाही, म्हणाला. एकाचीही तक्रार नाही. तिला एकदम हुरूप आला – नसेलच वास! वह्यावाला घाबरट, भांडीवाली त्याचं ऐकून बोलली, मुलीला ऊन लागलं. हा टाय घातलेला, शिकलेला माणूस म्हणतो नाही, म्हणजे नाही. मग तिने त्याचं लालभडक नाक बघितलं, टेबलावरची रुमालांची रास बघितली, आणि त्याच क्षणी तो शिंकला. तिला त्या माणसाची अशी काही चीड आली की तिने त्याच्या हातातलं कागदांचं पुडकं जवळजवळ हिसकावून परतीचं पत्र लिहून दिलं, सही केली आणि म्हणाली, खोकी टेम्पोत भरा. स्वतःला ज्याचा वास येत नाही, त्याबद्दल छातीठोकपणे सांगणारा माणूस... तिने पेनचं टोपण लावलं. 

परतताना टेम्पोत मागे खोकी मावत नव्हती म्हणून चार-पाच पुढे, तिच्या पायांशी. रस्त्याचं काम चाललेलं. खडीचा धुरळा आत येत होता. तिने तिच्या बाजूची काच वर केली आणि मेजरलाही काच लावायला सांगितली. त्याने अर्धी लावली. पूर्ण लावा, ती म्हणाली. त्याने लावली. थोडं पुढे गेल्यावर त्याची काच परत थोडी खाली आली.

"सांगितलेलं कळत नाही का?" तिचा आवाज फाटला. सकाळपासून साठलेलं सगळं त्या काचेवर जाऊन आदळलं – धूळ दिसत नाही का, एक साधं काम, जो तो आपल्या मनाचं करणार, कोणाला काही विचारायला नको, सांगायला नको.

मेजरने गाडीचा वेग कमी केला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, खोक्यांचा वास डोक्यात चढलाय. ओकारी येईल मला. तुम्हाला..." आणि थांबला. त्याने पुढचं विचारलं नाही. काच त्याने लावली, अगदी वरपर्यंत, आणि गोदाम येईस्तोवर तो तोंडाने श्वास घेत राहिला, त्याच्या मिशा दर श्वासाला हलत होत्या, आणि ती ते बघत होती, आणि 'उघडा' एवढा एक शब्द तिला म्हणता आला नाही. का? म्हटलं असतं तर काय झालं असतं? मी म्हणू शकले असते, हो, मलाही आलाय, उघडा. सकाळी तर म्हटलंच होतं. पण पायांशी ठेवलेल्या त्या खोक्यांत सबंध वाटभर बसून ती काच लावायला सांगत होती, हे आता झालं होतं, आणि ते परत घेता येत नव्हतं.

दीर दाराजवळच उभा होता. त्याने मेजरला पाणी दिलं, खोकी उतरवायला माणसं लावली आणि तिच्यामागोमाग आत आला. ती टेबलाशी बसली. तिला माहीत होतं की आता तो बोलणार, म्हणून तीच आधी बोलली. कारखान्याला कळवलंत का, तिने विचारलं, ठणकावून सांगा की नमुन्याप्रमाणे माल नाही.

"नमुना काढून बघितला मी कपाटातून," तो म्हणाला. "तुमची सही असलेली पुडी. त्यालाही हाच वास आहे."

बाहेर खोकं पडल्याचा आवाज झाला. कोणीतरी कोणाला तरी शिवी दिली.

"सर्दी होती मला तेव्हा."

"दोन वर्षं, वहिनी?"

त्याने ते इतक्या हळू विचारलं की तिला वाटलं आपण ऐकलंच नाही. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. असतं तर तिला त्याच्या अंगावर धावून जाता आलं असतं. ती टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिली, तेच उलटलेलं नख, आणि ठणका वाढू दिला.

"कधीपासून माहीत आहे?"

"दूध करपलं होतं त्या दिवशी. सगळ्या घरात जळका वास. तुम्ही शेगडीशेजारी उभ्या होतात, भाजी चिरत." तो थांबला. "तेव्हापासून नमुने आधी मी बघायचो. चांगले तेवढेच तुमच्या टेबलावर ठेवायचो. हा नमुना मी बाहेरगावी होतो तेव्हा आला. परत आलो तोवर ऑर्डर गेली होती."

तिला आठवलं. परत आल्यावर त्याने विचारलं होतं, वहिनी, नीट बघितलंत ना? आणि ती म्हणाली होती, आता तुम्ही मला शिकवणार का. सगळ्यांसमोर म्हणाली होती.

"आणि माल उतरला तेव्हा?" तिने विचारलं. "बंदरावर?"

"शंका आली होती."

"मग?"

"वाटलं, बाटलीवरच्या पिशवीचा असेल. जाईल." तो भिंतीकडे बघत होता. "आणि तुमची सही होती त्यावर. मी काय बोलणार? बोललो असतो तर सगळ्यांना कळलं असतं."

"एक मुलगी पडली मैदानावर," ती म्हणाली.

"मेजरने सांगितलं, आत्ता पाणी पिताना."

"तुम्ही गप्प बसलात म्हणून पडली."

"हो," तो म्हणाला. आणि मग, तिच्याकडे वळून, "आपण दोघंही."

तिने मान वर केली. दोघंही! त्याला खोलीबाहेर घालवून द्यावं, की उठून त्याचे हात धरावेत, हे तिला कळेना. दोन्ही एकदमच वाटत होतं. शेवटी ती म्हणाली, उद्या सकाळी सातला टेम्पो लावायला सांगा, उरलेली दुकानं करायची आहेत. तो म्हणाला, मी जातो, तुम्ही राहू द्या. ती म्हणाली, मी जाणार आहे, आणि भांडीवालीकडे आधी जाणार आहे, खरं सांगायला, ती उरलेल्यांत नसली तरी. हे ती म्हणाली, पण म्हणताना ते आपण खरंच करू की नाही याची तिला खात्री नव्हती. त्याने मान हलवली. जाताना दार ओढून घेतलं, आवाज न करता, आजारी माणसाच्या खोलीचं ओढून घ्यावं तसं.

आता राग उतरायला हवा होता. तसाच नियम असतो ना? आपलीच चूक निघाली की माणूस खाली बसतं, रडतं, हलकं होतं. ती वाट बघत बसली. राग उतरला नाही. सकाळपासून त्याला धावायला रस्ते होते – कारखाना, बंदर, नवरा, तो शिंकणारा मॅनेजर, बिचारा मेजर – आता ते सगळे रस्ते वळून तिच्याच खुर्चीपाशी आले होते आणि तरी तो काही बसायला तयार नव्हता. तिने उपकार आठवून बघितले. दोन वर्षं एक माणूस कोणाला कळू न देता तिच्या आधी गोदामात येतो, पुड्या फोडतो, वाईट ते बाजूला करतो, चांगलं ते परत बांधून तिच्या टेबलावर ठेवतो, वर तिचे टोमणे खातो. दुसरा कोणी असता तर पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून घेतली असती. हे सगळं खरं होतं. आणि ते जितकं खरं वाटत गेलं तितका तो राग तापत गेला, कारण मग ती बोटं? ते ओरखडणं, ते पाण्यात घालणं, कानाशी वाकवणं? मी जे शिकले म्हणून रात्री उशीवर डोकं ठेवताना स्वतःची पाठ थोपटत होते, ते शिकलेच नव्हते. चांगल्याला चांगलं म्हणत होते. बापाच्या मांडीवर बसून गाडीचं चाक फिरवणाऱ्या पोरासारखी मी दोन वर्षं गाडी चालवत होते, आणि खाली पाय त्याचे होते. आणि ज्या एका नमुन्याला ती खरोखर एकटी, कोणी मदतीला नसताना, आपल्या हुशार बोटांनी भिडली... तो हा.

तो मला सांगू शकला असता. त्या करपलेल्या दुधाच्या दिवशीच, ओट्याशी उभं राहून, वहिनी, तुम्हाला वास येत नाही का? एवढंच. मी चिडले असते. आठ दिवस बोलले नसते. मग कदाचित आम्ही दोघांनी मिळून टेबलाशी बसून बघितले असते नमुने, त्याचं नाक, माझे हात... कदाचित. की नसते बसले? की मीच ते होऊ दिलं नसतं? हे मात्र तिला ठरवता येईना. आपल्या रागाला इतकं घाबरून माणसं वागतात, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं, आणि दिसल्यावर तिला त्या माणसांचाच राग आला, भित्र्यांचा.

बाहेर माणसं शटर ओढायला लागली होती. ऊन कलून टेबलावर आलं होतं. निघायला हवं. नवरा आता घरी पोचला असेल, जेवायला वाढेपर्यंत टीव्ही बघत बसला असेल. मग पानावर बसेल आणि समोर येईल ते जेवेल... तो जेवतोच. दोन वर्षं तो समोर येईल ते जेवत होता. कधी फोडणी जळली असेल, भाजी खाली लागली असेल, एखादं दूध नासलेलंही असेल – तिला कसं कळणार? – आणि त्याने एकदाही ताट सरकवलं नव्हतं, एकदाही विचारलं नव्हतं. या माणसाचं लक्षच नसतं, पुढ्यात काय आहे हेसुद्धा बघत नाही, असं ती मनात त्याच्यावर धुमसत आली होती; बावीस वर्षांच्या संसारात जो तो राग जपतो तसा तो तिने जपला होता, नीट, घडी घालून.

ती उठली आणि उठल्यावर तिथेच उभी राहिली, एक हात खुर्चीच्या पाठीवर. लक्ष नसतं म्हणून, की त्यालाही सगळं कळत होतं म्हणून... सकाळी फोनवर त्याने ते किती सहज म्हटलं होतं, तू पास केलेला माल आहे. विश्वासाने म्हटलं होतं, की कोणी ऐकत होतं म्हणून तसं म्हटलं होतं? मागे माणसं होती. हसत होती. ती चालायला लागली, दाराकडे, मग अंगणातून, मेजरच्या धुतलेल्या टेम्पोला वळसा घालून. घरी जाऊन एका वाक्यात विचारता येईल. आणि दिवसभर जो राग तिला पुढे ढकलत होता तो आता तिची पावलं मागे ओढत होता, कारण तिला नवऱ्याच्या खोटं बोलण्याची भीती वाटत नव्हती. विचारलं, तर तो खरं सांगेल.